फुंकरमास्तरची बायको

केबल गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यातून फोन आला तेव्हा फुंकरमास्तर गेटच्या केबिनमध्ये सकाळच्या वापरलेल्या नळ्या डब्यात टाकत होता.

"मास्तर, लवकर या," तिकडचा फिटर म्हणाला. "वहिनी ड्रममध्ये ओढल्या गेल्या."

तो धावला. पोचला तेव्हा केबलचा ड्रम थांबवला होता आणि तिच्यावर कुणीतरी ताडपत्री टाकली होती. म्हणजे धावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

केबलच्या त्या कारखान्यात पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाने गेटवर यंत्राच्या नळीत फुंकायचं आणि दारूचा आकडा लागतो का ते मास्तरने बघायचं, असा नियम होता. नाव त्यावरूनच पडलं. "मास्तर, फुंकू की शिट्टी मारू?" लोक विचारायचे. हा हसायचा नाही. नियमाचा कागद त्याला तोंडपाठ होता. पहिल्यांदा आकडा लागला तर नोकरी जात नाही. समुपदेशक बाईंकडे पाठवायचं, उपचार कंपनी करते. दुसऱ्यांदा लागला तर घरी. त्याने पाठवलेली कितीतरी माणसं माणसांत आली होती.

त्याची बायको दोन वर्षं घेत होती. गुडघ्याच्या दुखण्यावर उतारा म्हणून सुरू झालं आणि गुडघा राहिला बाजूला. ती रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहायची. तिचा नंबर आला की मास्तर पाठ फिरवायचा आणि तिच्या नावावर स्वतःच फुंकायचा. शून्य.

मरायच्या आठवडाभर आधी ती म्हणाली होती, "आज मी फुंकते."

"गप उभी राहा."

"अहो, लागू द्या ना एकदा आकडा. बाई पाठवतील कुठंतरी. माझ्या पायांनी मला तिथं जाववत नाही हो."

"आणि लोक काय म्हणतील? दुनियेला फुंकायला लावतो आणि बायको घरात ढोसते?"

"म्हणू देत की. लोकांच्या तोंडाला काय नळी लावणार आहात?"

त्याने नळी तिच्या हातातून ओढून घेतली.

चौकशीत तिच्या रक्तात दारू निघाली. सात वाजता यंत्रात शून्य, साडेनऊला ही अवस्था. साहेबांनी सरळ हिशोब मांडला: आत कुणीतरी पाजली. शेजारच्या ड्रमवरची ताई रोज तिला आपल्या थर्मासमधला चहा द्यायची. ताईला काढून टाकलं.

समुपदेशक बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "एकदा जरी आकडा लागला असता ना मास्तर, दुसऱ्या दिवशी मी त्यांना दाखल केलं असतं. यंत्रानेच दगा दिला."

"हो," मास्तर म्हणाला.

पंधरा दिवसांनी ताई दारात आली. आत बसली नाही.

"भावजी, तिच्या तोंडाचा वास मारायला मी चहात लवंग घालून आणायचे. लवंग! आणि म्हणतात दारू पाजली."

मास्तरने जिन्याकडे बघितलं, कुणी ऐकतंय का.

"ती घरूनच पिऊन यायची. साहेब तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार? एवढं एक वाक्य लिहून द्या. दोन पोरी आहेत माझ्या पदरात."

"मशीनवर शून्य होतं, ताई."

"मशीन गेलं खड्ड्यात. तुम्ही सांगा."

"शून्य होतं."

ताई जिन्याकडे वळली. "ती म्हणायची, आमचे हे म्हणजे दगड. मी म्हणायचे, अगं, दगडालाही पाझर फुटतो. तीच शहाणी होती."

ती जिना उतरून गेली. मास्तरला वाटलं, बायको आतून विचारेल कोण आलं होतं. घरात तिच्या बोलण्याची इतकी सवय होती की त्याने उत्तरही दिलं, "कुणी नाही."

आता तो कामावर जातो. गेटवर रांग लागते, कुणाचा आकडा लागला की तो नियमाप्रमाणे बाईंकडे पाठवतो. तिच्या ड्रमवर नवी बाई आली आहे. ताई कुठल्याशा गोदामात पोती शिवते, असं फिटरने सांगितलं. चौकशीच्या निकालावर हरकत घ्यायची मुदत या शुक्रवारी संपते. मास्तरने अजून काही लिहून दिलेलं नाही.