पलीकडच्या खोलीतलं यार्ड

एडविन ट्रँटर भिंतीला कान लावून उभा होता आणि बोटाच्या सांध्याने ठकठक करून बघत होता. म्यूरिएल इस्त्री केलेले कपडे घेऊन जिना चढून वर आली आणि दारातच थांबली.

"कोणी राहायला आलंय का पलीकडे?" तिने विचारलं.

"पोकळ आहे," एडविन खुशीत म्हणाला. "नुसत्या पट्ट्या आणि चुना. करवतीने सहज भोक पडेल."

"कसलं भोक?"

"गाडी जायला. एवढंसं. पावाच्या लादीएवढं."

म्यूरिएलने कपडे खुर्चीवर ठेवले. भिंतीच्या पलीकडे त्यांच्या मुलीची, जिलियनची खोली होती. त्या खोलीत खिळा ठोकायचा असता तरी एडविनने आधी विचारलं असतं, आणि इथे तो करवतीच्या गोष्टी करत होता.

"नाही," ती म्हणाली, आणि कपडे उचलून निघून गेली.

हा उद्योग गेल्या हिवाळ्यात सुरू झाला होता. नोकरीतून मोकळे झालेले लोक गुलाब लावतात, कबुतरं पाळतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकघरात लुडबुड करतात. एडविनला लागलं छोट्या आगगाडीचं वेड. आता लागलं असं तरी कसं म्हणायचं? तरुणपणापासून तो खरोखरच्या हॅझलफोर्ड स्टेशनवर पोर्टर होता. दिवसाकाठी मोजक्या गाड्या, दुधाचे कॅन, सफरचंदाच्या पेट्या, आणि गुरुवारच्या बाजाराची जनावरं. मग वरून हुकूम आला आणि रेल्वेचा तो फाटा बंद झाला. रूळ उचलून नेले. एडविन सफरचंदाच्या दारूच्या कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. घर मात्र तेच राहिलं, रेल्वेचं जुनं घर. मागच्या कुंपणापलीकडून पूर्वी गाडी जायची, आता तिथे काटेरी झुडपं होती. सप्टेंबरात म्यूरिएल तिथली काळी बोरं तोडून मुरंबा करायची.

तर आता माळ्याशेजारच्या अडगळीच्या खोलीत हॅझलफोर्ड पुन्हा उभं राहत होतं. म्हणजे अजून उभं राहत नव्हतं, नुसतं ठरत होतं. लांब फळीवर उरलेला वॉलपेपर उलटा पसरलेला आणि त्यावर पेन्सिलीने रूळ काढलेले. आज काढायचे, उद्या खोडायचे, परवा पुन्हा तिथेच काढायचे. इमारती पुठ्ठ्याच्या. स्टेशन कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचं, मालगोदाम चहाच्या पुड्याचं, सिग्नलची केबिन काडेपेट्यांची. स्टेशनला पुठ्ठा कमी पडला म्हणून दोघांनी दोन्ही वेळा कॉर्नफ्लेक्स खाऊन दिवस काढले होते.

म्यूरिएल कुरकुरली, पण तिला हे आवडत नव्हतं असं नाही. माणूस घरात होता, हात गुंतलेले होते. पण जिलियनची खोली ही वेगळी गोष्ट होती.

जिलियन ऑस्ट्रेलियाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. पर्थला तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. ख्रिसमसला फोन यायचा. आपलाच आवाज समुद्रावरून फिरून पुन्हा कानात यायचा, त्यात बोलणं कमी आणि "ऐकू येतंय का" जास्त. दरवर्षी ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. म्यूरिएल म्हणायची, हो हो, घाई नाही. आणि मग महिन्यातून एकदा ती जिलियनच्या पलंगावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची. गादी दमट राहू नये म्हणून, असं ती म्हणायची. ज्या पलंगावर कुणी झोपत नाही त्याची गादी दमट राहिली काय आणि कोरडी राहिली काय, पण हे तिला कोण सांगणार?

शनिवारी दुपारी डेस्मंड प्यू आले. जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या रेल्वेच्या मंडळाचे ते सर्वेसर्वा. मिश्या पांढऱ्या, खिशात कायम मोजपट्टी. म्यूरिएलने चहा आणि बेदाण्यांचा केक वर नेऊन दिला आणि धूळ पुसायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळली.

प्यूंनी फळीवर नजर फिरवली. "छान आहे हो, ट्रँटर. पण गाडी निघून जाणार कुठे? इथे फळी संपते. तुम्हाला मागचं यार्ड हवं. प्रेक्षकांना न दिसणारं. स्टेशनवरून गाडी सुटली की तिथे जायची, तिथे कुणीतरी हाताने फिरवायची आणि परत पाठवायची. नाहीतर ती जमिनीवर पडेल."

"भिंतीला भोक पाडलं तर—"

"नाही," म्यूरिएल म्हणाली.

प्यूंनी तिच्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं, आणि शहाणपणाने विषय फिरवला. "मग हे पुठ्ठ्याचं घर काढा. या टोकाचं, बागेसकट. तेवढ्या जागेत यार्ड बसतं. भिंतही वाचली, मिसेस ट्रँटरही खूश."

"ते आमचंच घर आहे," एडविन म्हणाला.

"असू दे ना. मी आमच्या स्टेशनातून चर्च काढलं, तरी पाद्री अजून माझ्याशी बोलतो. सगळं कुणाचंच मावत नाही. आणि हे बघा, बागेत धुणं वाळत घातलंयत. म्हणजे सोमवार झाला, धुण्याचा वार. आणि इकडे जनावरांचे डबे. बाजार तर गुरुवारी. वार ठरवा आधी. प्रदर्शनात लोक नेमकं हेच पकडतात."

"जनावरं काढतो," एडविन म्हणाला. "वार सोमवारच. मे महिना. आणि घर राहील."

म्यूरिएलच्या हातातलं फडकं थांबलं. ती खाली गेली आणि धुतलेल्या बशा पुन्हा धुवायला लागली.

जिलियन गेली तो मे महिन्यातला सोमवारच होता. त्याआधी घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. म्यूरिएल म्हणाली होती, इतक्या लांब जायचं तर जा, पण मला स्टेशनवर नाचवू नकोस. त्या सकाळी जिलियन पेटी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा म्यूरिएलचे हात कोपरापर्यंत साबणात होते. "सोमवार आहे," ती म्हणाली, "धुणं टाकून कशी येऊ?" जिलियनने तिच्या गालाला गाल लावला आणि ती गेली. एडविन ड्यूटीवरच होता. स्वतःच्या मुलीची पेटी त्याने स्वतः डब्यात चढवली, दार लावलं, आणि गार्डला हात केला.

गाडीची शिट्टी ऐकून म्यूरिएल बागेत धावली होती. हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. कुंपणापर्यंत जायचं, हात हलवायचा, एवढंच मनात होतं. पण दोरीवरच्या मोठ्या चादरीपाशी पाय अडले. डोळे सुजलेले, अंगावर ओला एप्रन, आणि आठवडाभर पोरीला टोचून बोललेलं तोंड. ती चादरीच्या मागेच उभी राहिली. गाडी गेली. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की पोरीने खिडकीतून रिकामी बाग पाहिली, आणि म्हणूनच ती परत येत नाही. तिला लेकीची आठवण आली नाही असा एकही सोमवार गेला नव्हता.

आणि आता हा माणूस तो दिवस फळीवर मांडून गावभर दाखवणार होता.

एडविन प्यूंना मोटारीपर्यंत सोडायला गेला. म्यूरिएल वर गेली. बेत सरळ होता, ते पुठ्ठ्याचं घर उचलायचं आणि शेगडीत टाकायचं. तिने घरावर हात ठेवलाही. मग तिचं लक्ष बागेकडे गेलं.

बाकी सगळं कच्चं होतं, ही एवढी बाग मात्र पूर्ण झाली होती. दोन काड्या, त्यांना बांधलेला दोरा, दोऱ्यावर रुमालातून कापलेली चादर. त्या चादरीच्या खाली दोन तपकिरी ठिपके होते. आधी तिला वाटलं उंदराचं काम. तिने नखाने उडवून पाहिलं, तर ते चिकटवलेले होते. काडीचे बारीक तुकडे, तासलेले, रंगवलेले, शेजारी शेजारी.

जिन्यावर पावलं वाजली. एडविन दारात आला आणि तिचं बोट कुठे आहे ते पाहून तिथेच थबकला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"बूट."

"कुणाचे?"

"तुझे. ते तपकिरी. बक्कलवाले."

म्यूरिएल स्टुलावर बसली. "तुला कुणी सांगितलं?"

"क्लेमने. गार्ड होता ना त्या दिवशी. संध्याकाळच्या गाडीने परत आला तेव्हा म्हणाला, ट्रँटर, तुझी पोरगी निम्मी खिडकीबाहेर होती, तुमच्या चादरीला हात हलवत होती. मी म्हटलं, चादरीला कशाला हात हलवेल? तर म्हणाला, त्या चादरीला बूट होते."

"म्हणजे तिने पाहिलं."

"पाहिलं म्हणजे? वळणापर्यंत हात हलवत होती. क्लेमने तिला मागे ओढलं, पडेल म्हणून."

म्यूरिएलने त्या दोन ठिपक्यांवर पुन्हा बोट टेकवलं. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसंही वाटत होतं.

"एकोणीस वर्षं, एडविन."

"तू म्हणालीस धुण्यामुळे जमलं नाही. मला वाटलं, तुला ते तसंच ठेवायचंय."

"आणि ती? ती का नाही बोलली कधी?"

"तिलाही वाटलं असेल, तुला ते तसंच ठेवायचंय. तुझीच मुलगी आहे."

"मग ती येत का नाही?"

एडविन दाराच्या चौकटीला टेकला. "लांब आहे, म्यूरिएल," तो म्हणाला. "तेवढंच आहे. फार लांब आहे ते."

म्यूरिएलला वाटलं होतं, आपला दोष नव्हता हे कळलं तर बरं वाटेल. बरं वाटलंही. पण दोष होता तोवर काहीतरी करता येण्यासारखं होतं, कधीतरी माफी मागता आली असती. नुसत्या लांब असण्यावर काहीच उपाय नव्हता. आता तिला नुसती मुलगी हवी होती, दुसरं काही नाही.

"कुंपणाशी एक बाई करून ठेवू का?" एडविनने हळूच विचारलं. "हात वर केलेली. लहान आहे काम, होईल."

"नको. तसं झालं नव्हतं." तिने एप्रनने नाक पुसलं. "बूट पुरले की तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एडविन खाली आला तेव्हा वरून काहीतरी घासत नेल्याचा आवाज येत होता. तो परत वर गेला, तर जिलियनच्या खोलीत म्यूरिएल आरशाचं टेबल एकटीच ढकलत होती.

"अगं, पाठ मोडेल."

"बोलत उभा राहू नकोस, दुसरी बाजू धर. भोक कुठे येणार तुझं?"

"पलंगाच्या उशाशी."

"पलंग हलणार नाही. यार्ड पलंगाच्या कडेने बसव. आणि चुना गादीवर सांडला तर बघ."

"बसवतो," एडविन म्हणाला. थोडं थांबून तो म्हणाला, "पण इथे कुणीतरी बसायला लागेल. गाडी आली की फिरवून पाठवायला. मी तर स्टेशनवर असणार."

"मग मी काय करते तेव्हा? कॉर्नफ्लेक्स खाते?"

भोक पडायला अर्धा दिवस लागला. घरभर चुना झाला आणि दोघं एकमेकांवर भरपूर ओरडली. पुढच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, एडविनने भोकातून एक लांब पट्टी सरकवली, त्यावर रुळांचा एक तुकडा. बाकी सगळं अजून कागदावरच होतं. इंजिनही नव्हतं, होता एकच डबा, लाल आणि सायीच्या रंगाचा. दोन्ही बाजूंना त्याने सायकलची एकेक घंटी लावली. एक ठोका म्हणजे गाडी येते आहे. उलट ठोका म्हणजे मिळाली, परत सोडते.

म्यूरिएल जिलियनच्या पलंगावर बसली. गादीवर सकाळीच तिने गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, ती अजून कोमट होती. खिडकीतून खाली बाग दिसत होती. रविवार असल्यामुळे दोरी रिकामी होती.

घंटी वाजली. भोकातून आधी एडविनच्या ढकलायच्या काठीचा आवाज आला, मग डबा आला, अडखळत, आणि रुळांच्या टोकाशी थांबला. म्यूरिएलने तो उचलला. तळहातावर सहज मावत होता. तिने तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेका खिडकीतून आत पाहिलं. आत बाकं होती, कुणी बसलेलं नव्हतं.

पलीकडून पुन्हा घंटी वाजली.

"म्यूरिएल, मिळाली का?"

"मिळाली."

"मग फिरव आणि पाठव."

तिने डबा गादीवर ठेवला, पिशवीच्या उबेला, आणि त्यावर हात ठेवून बसली.

"थांब जरा," ती म्हणाली. "आत्ताच तर आलीय."

पलीकडे एडविनने घंटीवरचं बोट काढलं आणि तो स्टुलावर बसून राहिला.