शिंप्याची अब्रू आणि आमचे हे

आमचे हे म्हणजे धुतल्या तांदळासारखे, असं मी पंधरा वर्षं मिरवत आले. कपडे धुण्याचं दुकान माझं, माझ्याच नावावर, हे मदतीला.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर टराटरा फाटलेलं निघालं. हे म्हणाले, "समोरच्या शिंप्याचे उद्योग. चांगलं अस्तर काढून घेतो नि कुजकं लावतो." झालं! माझ्या जिभेला हाड नाही. पाच गिऱ्हाइकांपुढे मी शिंप्याला चोर ठरवून मोकळी झाले. आठवड्याने त्याची नोटीस आली: बदनामी केलीत, भरपाई द्या. आकडा वाचून मी हिशेबाची वहीच काढली. दुकान विकूनही तो भागला नसता.

धावतपळत आम्ही दुकानाच्या विम्याच्या एजंट बाईंकडे गेलो. दुकानामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई कंपनी भरते, असा तो विमा.

"पण बाई, शिंप्याला लागलंय कुठे? साधा ओरखडा नाही," हे म्हणाले.

"अब्रूला लागलंय ना! तुमच्या पॉलिसीत तेही येतं. बदनामी, कुणाला चुकून डांबून ठेवणं, सगळं. वकीलसुद्धा कंपनीच देते."

मी बाईंना मिठीच मारणार होते, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

"पण खोटं आहे हे माहीत असून बोलला असाल, तर कंपनी हात वर करणार. तुम्हाला ते खरं वाटलं होतं?"

"म्हणजे काय! ह्यांनीच तर सांगितलं!"

दोघींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं... तो कोट हाताने धुवायचा होता. मी मशीनमध्ये टाकला. तू ओरडशील म्हणून..."

"म्हणजे शिंप्याचं ते सगळं..."

"साफ खोटं."

एरवी मी ह्यांची बिनपाण्यानेच केली असती. पण मला हसू आवरेना. नवरा खोटारडा निघाला म्हणून माझं दुकान वाचत होतं! बाईही खो खो हसत सुटल्या.

"शेवटी कंपनी ठरवेल," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पण हे लेखी द्या."

ह्यांनी लिहिलं: 'मी बायकोशी खोटं बोललो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.' खाली सही. दुसरं वाक्य वाचताना मला हसता हसता रडू आलं.

"झेरॉक्स किती काढू?" बाईंनी विचारलं.

"दोन. एक माझ्या कपाटात राहील."

"आणि दुसरी?" ह्यांनी भीत भीत विचारलं.

"दुसरी घेऊन तुम्ही शिंप्याकडे जायचं. मीही येते, चोर मीच म्हटलं होतं."

हे निघाले. जाताना दुकानातून तो फाटका कोटही, शिंप्याकडून नवं अस्तर लावून घ्यायला, त्यांनी आपणहून काखेत मारला.