कोटापासून तीन पावलं

आईच्या झोपायच्या खोलीचा नकाशा पुरा झाला तेव्हा धाकटीला स्वतःचंच कौतुक वाटलं. बावीस वर्षं ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात होती, त्यामुळे तिचा हात साफ होता. पलंग, कपाट, खुर्ची, सगळ्यांचे मापात कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे तिने चार दिवस कागदावर इकडून तिकडे सरकवले होते. शेवटी सगळं असं चपखल बसलं की नवऱ्याला, शेजारणीला आणि दूधवाल्यालासुद्धा दाखवून झालं.

हौसेचं काम असतं तर गोष्ट वेगळी. पण या नकाशावर आईचं घर अवलंबून होतं.

आई म्हणजे गणिताच्या बाई. अर्ध्या गावाला पाढे शिकवून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपासून त्यांची नजर मधोमध विरत चालली होती. कडेकडेचं दिसे, समोरचं दिसेना. गेल्या महिन्यात त्या उलटा स्वेटर आणि दोन पायांत दोन जातींचे बूट घालून बँकेत जाऊन आल्या. त्याच आठवड्यात खोलीतल्या ट्रंकेला अडखळून पडल्या आणि कपाळाला टेंगूळ आलं. ते बघून थोरल्याने, म्हणजे धाकटीच्या दादाने, फर्मान काढलं. महिनाअखेरच्या रविवारी तो येणार. आई तिच्या खोलीत, तिच्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय नीट तयार होऊन बाहेर आली तर ठीक. नाहीतर तिचं सामान बांधायचं आणि तिला त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरी न्यायचं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेली माणसं फार लवकर फर्मानं काढतात.

आई एवढंच म्हणाल्या, "मला कपडे घालता येतात रे. हल्ली ते सापडत नाहीत, एवढंच."

धाकटीने नकाशा आईला वाचून दाखवला. आईंनी कान देऊन ऐकला आणि जुन्या सवयीने विचारलं, "शून्य कुठे धरलंस?"

"दाराच्या डाव्या कोपऱ्यात. सगळी मापं तिथून."

"हं," आई म्हणाल्या. शाळेतल्या मुलांना हा 'हं' ओळखीचा होता. उत्तर चुकलंय, पण तुझं तुलाच सापडू दे, असा त्याचा अर्थ असे. धाकटी आईच्या वर्गात कधी बसली नव्हती, म्हणून तिने तो कौतुकाचा समजून घेतला.

सुतारकाम करायला गुण्याकाका आले. काटकोन तपासायचा लाकडी गुण्या त्यांच्या काखेत कायम असे, म्हणून हे नाव. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, शंकाच होती. सत्तरीचा माणूस, बोलणं कमी, आणि बोलला की समोरच्याची पंचाईत. त्यांनी नकाशा खिडकीशी नेऊन निरखून पाहिला.

"ताई, चित्र झकास. फक्त खोली अशी नाहीये."

"म्हणजे?"

"खिडकीकडची भिंत किती?"

"अकरा फूट दोन इंच."

"आणि समोरची?"

"तेवढीच की. समोरासमोरच्या भिंती आहेत ना त्या?"

काका फीत घेऊन वाकले. दहा फूट साडेनऊ इंच. धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बावीस वर्षं नव्या इमारतींचे काटकोन काढून काढून तिला खोलीला चार कोपरे म्हणजे चार काटकोन हे गृहीतच झालं होतं. तिने दोन भिंती मोजल्या होत्या आणि चार काढल्या होत्या. तिचं भिंतभर कपाट साडेचार इंच दाराबाहेर लटकलं असतं.

"जुनी घरं अशीच," काका समजुतीने म्हणाले. "बांधणाऱ्याने डोळ्याने बांधली, आपण फितीने भांडायचं."

मग त्यांनी खिशातून काचेची गोटी काढली आणि फरशीवर सोडली. गोटी जराशी थांबली, विचार केल्यासारखी, आणि खिडकीकडे घरंगळत निघाली. "कपाटाला बिजागरीचं दार नको. उतारावर आपोआप उघडेल आणि बाईंच्या कपाळावर बसेल. सरकतं दार करू." पुढे बाहेरच्या भिंतीला त्यांनी तळहात टेकवला, तापलेल्या मुलाच्या कपाळाला टेकवावा तसा. "ओल आहे. कपाट इथे होतं म्हणून कपड्यांना वास यायचा. ते आतल्या भिंतीला घ्या. इथे पलंग, भिंतीपासून चार बोटं सोडून."

धाकटी बघत राहिली. तिच्या चार दिवसांच्या नकाशाचा या माणसाने पाव तासात निकाल लावला होता, आणि तिला राग यायच्या ऐवजी त्याच्यामागे वही घेऊन हिंडावंसं वाटत होतं.

कपाट तर काय झालं! कपडे टांगायचा दांडा आईंच्या खांद्याच्या उंचीला, म्हणजे हात वर ताणायला नको. खाली चार कप्पे, आणि प्रत्येकाची कड वेगळी. पहिल्याची गोल घासलेली, दुसऱ्याची काटकोनी, तिसऱ्यावर एक खाच, चौथ्यावर दोन. बोट फिरवलं की कळावं, हा पायमोज्यांचा, हा स्वेटरचा. खाचा पाडून झाल्यावर काकांनी स्वतः डोळे मिटून दहा वेळा बोट फिरवून पाहिलं. एक खाच त्यांना उथळ वाटली, ती पुन्हा पाडली. आपल्या कामाला इतका जीव लावणारं माणूस बघितलं की आपणही जरा बरे होतो, असं धाकटीला वाटलं.

खोली लावायची जबाबदारी मात्र तिची. जुनी ट्रंक गेली. उसवलेले, विटलेले कपडे गेले. दारामागच्या खिळ्यावर वडिलांचा जाड तपकिरी कोट नऊ वर्षं तसाच लटकत होता. तो तिने झटकला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माळ्यावर जपून ठेवला. टाकून दिला नाही, याबद्दल तिने स्वतःची पाठही थोपटली.

शुक्रवारी रंगीत तालीम झाली. आई आत गेल्या, दार लागलं. धाकटी बाहेर जिवाचा कान करून उभी. आधी पावलं वाजली, मग थांबली, मग दोनदा उलटसुलट वाजली. मग पलंगाचा कोपरा आणि आईंचा गुडघा यांची भेट झाल्याचा आवाज आला. वीस मिनिटांनी आई बाहेर आल्या त्या पायमोज्यांचा जोड हातात धरून, अंगात घरचाच झगा.

"कपाट सापडलं नाही का गं?"

"सापडलं. पण मी कुठे आहे ते सापडेना." आई खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज प्रथमच थकलेला वाटला. "खोली छान केलीस बाळा. पण आता ती माझी नाही वाटत. दादाकडेच जाते मी. तुम्हा दोघांची भांडणं तरी नकोत."

एवढं करून आईचं घर धाकटीनेच मोडलं होतं.

शनिवारी सकाळी, तालमीचं ऐकून, गुण्याकाका आले ते खडू घेऊन. फळ्यावर लिहायचा साधा पांढरा खडू. खरं तर हे आधी करायला हवं होतं, असं ते आल्या आल्याच म्हणाले आणि स्वतःवर चिडले. त्यांनी पलंग बाजूला सरकवला. "बाई, ही नवी खोली विसरा. पूर्वी सकाळी उठून कशा तयार व्हायच्या, तशा चाला. सामान नाही असं समजा."

"वेड्यासारखं दिसेल."

"आम्ही दोघंच आहोत. आणि ताईंना कुठे काय दिसतं!"

आई हसल्या आणि चालू लागल्या. मागोमाग काका गुडघ्यांवर रांगत, प्रत्येक पावलाभोवती खडूची रेघ मारत. पलंगापासून दाराकडे, तिथून उलट जुन्या कपाटाच्या जागी, मग आरशाशी. आई थांबल्या तेव्हा काका हाश्शहुश्श करत उठले. फरशीवर आईंची सकाळ उमटली होती.

"ही पावलं दाराकडे का जातात?" काकांनी विचारलं. "कपडे तर या बाजूला."

धाकटी म्हणाली, "सवय असेल. किंवा नजरेमुळे गोंधळ."

"रोज होतो तो गोंधळ नसतो ताई." काका खडूच्या पावलांवरून दारामागे गेले. भिंतीत रिकामा खिळा होता. "बाई, इथे काय होतं?"

आईंनी हात पुढे केला. हात हवेत राहिला. मग अगदी हळू त्या म्हणाल्या, "ह्यांचा कोट."

धाकटीने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"मी रोज आधी ह्यांची बाही धरायची," आई म्हणाल्या. नव्वद मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी ती बाई लाजली होती. "धरली की मला खोली कळायची. मग पाच पावलं कपाट, दोन पावलं आरसा. हे मला आत्ता चालताना कळलं बघ. मी म्हणत होते, मी नुसती... नुसती त्यांना सांगून येते म्हणून."

नऊ वर्षं. धाकटीला रडू आवरेना, आणि त्या रडण्यात आईबद्दलचा अभिमान जास्त होता. विझत्या डोळ्यांनी या बाईने अख्खी खोली पाठ केली होती, आणि तिचं शून्य होतं नवऱ्याच्या कोटाची बाही. धाकटीने ते शून्य पिशवीत घालून माळ्यावर टाकलं होतं.

तिने धावत जाऊन कोट आणला. खिळ्यावर टांगला. आईंनी बाही धरली, जरा चाचपली, आणि खांदे सैल सोडले. मग आतल्या भिंतीकडच्या नव्या कपाटाकडे निघाल्या. एक, दोन, तीन.

"तीन पावलं आणि थोडं."

"थोडं नको," काका म्हणाले. "थोड्यातच माणूस पडतं." त्यांनी धाकटीला हाताशी घेतलं, दोघांनी मिळून ते भलंमोठं कपाट नऊ इंच दाराकडे सरकवलं. पलंग फिरवला. आई चालल्या, काकांनी खडू मारला, पुन्हा कपाट बोटभर सरकलं, पुन्हा आई चालल्या. दुपारपर्यंत हेच चाललं. तीन पावलं कपाट, वळून दोन पावलं आरसा, तिथून हात मागे केला की पलंगाची कड. धाकटीने नवा कागद घेतला आणि पहिला ठिपका खिळ्याच्या जागी दिला.

रविवारी थोरला दहाला येतो म्हणाला आणि पावणेदहालाच आला. एक कप्पा जरा घट्ट बसतो, असं निमित्त काढून गुण्याकाकाही हजर. थोरला खोलीत फिरून आला, कप्प्यांवर बोट फिरवून आला, "वा" म्हणाला, पण चेहरा काही सैल पडेना. "चल आई. तुझा तो निळा ड्रेस, पांढरा स्वेटर. आम्ही बाहेर बसतो."

दार लागलं आणि धाकटीच्या लक्षात आलं. थोरल्याच्या अंगात नुसता शर्ट होता. आला तेव्हा जाकीट होतं.

"दादा, जाकीट कुठे ठेवलंस?"

"आत. दारामागे टांगलं, बाबांच्या कोटावर. लहानपणी आपण टांगायचो तसंच. का गं?"

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटून घेतले. उठून आत जावं, तर आईची परीक्षा मोडली असती. आतून पावलं ऐकू आली. मग थांबली. बराच वेळ काहीच नाही. थोरला घड्याळाकडे बघत होता. धाकटी मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणत होती, जणू तिच्या मोजण्याने आईला वाट सापडणार होती.

मग कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला. हँगर खळखळले. एक कप्पा उघडला, बंद झाला. दुसरा उघडला.

आई बाहेर आल्या. निळा ड्रेस, पांढरा स्वेटर सुलट आणि बटणं जिथल्या तिथे, पायांत एकाच जातीचे बूट. केससुद्धा विंचरलेले. आणि हातात थोरल्याचं जाकीट.

"हे घे तुझं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या खांद्यावर कशाला चढलास? या जाकिटाची बाही गुळगुळीत लागली, एक क्षण वाटलं परक्याच्या घरात आले. मग खाली हात घातला तर हे होतेच."

थोरल्याने जाकीट घेतलं. तो त्याच्याकडे बघत राहिला, मग आईच्या सरळ लागलेल्या बटणांकडे. एवढा मोठा, लिफ्टच्या घरात राहणारा माणूस, पण त्याचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला.

"आई, मी दर रविवारी आलो, तर माझ्यासाठी इथे कुठेतरी एक खिळा मिळेल का?"

काकांनी पिशवीतून हातोडी काढलीसुद्धा. आईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या खोलीत गेल्या, बाही धरली, पाठ भिंतीला लावली आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला दोन पावलं मोजली.

"इथे ठोका," त्या म्हणाल्या. "याच्यापासूनही मला मोजता येईल."