बोहनीचे चाराणे

लोकं मले चिडका म्हणतात, म्हणू द्या. डॉक्टर उमाठ्यायच्या दवाखान्यात बावीस वर्सं कंपाउंडर होतो मी, चंपतराव. नंदनवनातल्या त्या दोन खोल्यायमध्ये मिक्श्चर ढवळलं, बाटल्यायले डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, अन् पैसे घेतले. पैशाले साहेब हात लावत नव्हते. दारापाशी माही खिडकी, खिडकीत गल्ला, समोर रोग्यायचं बाकडं, अन् आत अर्ध्या दारामागं साहेब. तपासणी अन् दोन दिवसाचं औषध मिळून दोन रुपये. कोणापाशी नसले का साहेब आतूनच ओरडायचे, "राहू द्या, चंपतराव!" मी दातओठ खात राहू द्यायचो.

पण एक नियम माहा होता, साहेबायचा नाही. बोहनीआधी फुकट कोणी आत जाणार नाही. सकाळी पहिला येईन त्यानं काही तरी टाकलंच पाहिजे, चाराणे का असेना. माह्या बापाचा सीताबर्डीले पानठेला होता. पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा तो कपाळाले लावायचा. बोहनीआधी उधार मागायले सख्खा भाऊ आला, तरी त्याले बाजूले उभा ठेवायचा. तेच मी शिकलो अन् तेच दवाखान्यात आणलं. कोणाले खटकलंही नाही. आमच्याकडे येणारे भाजीवाले, रिक्षेवाले, हमाल, सगळ्यायचीच सकाळ बोहनीनं सुरू व्हायची. फुकटवाले बाकड्यावर बसायचे, एक पैसेवाला आला का मंग नंबरानं आत. पाच-दहा मिनिटायचा तर प्रश्न! साहेबायले याचा पत्ताच नव्हता.

शहात्तर सालची गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे मारबतीचा. अख्खं नागपूर इतवारीकडे लोटलं होतं. बांबू-कागदाच्या त्या मोठमोठ्या मारबती लोकं वाजतगाजत गावाबाहेर नेतात, जाळतात, अन् रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणून ओरडतात. रोगराई तिकडं चालली, मंग दवाखान्यात कोण मरायले येते?

आठ वाजता मी दार उघडलं तं प्रयागबाई पायरीवरच उभी. इतवारीच्या धान्य बाजारात पाखडायले जायची ती. आधी टोपलीत भाजी घेऊन फिरायची, तवापासून मी ओळखत होतो. कडेवर पोरगी होती, भागीरथा, सात वर्साची. एवढी मोठी पोरगी कडेवर घेतली, तवाच मले समजाले पाहिजे होतं.

"घसा धरला भाऊ हिचा. कालपासून पाणीबी उतरून नाही राहिलं."

"पैसे?"

"मजुरी शनवारी भेटते. शनवारी आणून देईन."

"अवं, उधारीचं काही नाही. उधारी चालते. पण बोहनी नाही झाली अजून. चाराणे टाक अन् जा आत."

तिनं पदराची गाठ सोडून पाहिली. आत सुपारीचं एक खांड होतं. "बरं," म्हणाली अन् बाकड्यावर बसली. बोहनी म्हणजे काय, हे तिले सांगायची गरज नव्हती.

पोरगी आईच्या मांडीवर मान मागं टाकून होती. श्वास घेतला का बारीक शिट्टी वाजे. फुग्याचं तोंड चिमटीत धरून हवा सोडावी तशी. मी ऐकली. खोटं काहून बोलू? चांगली ऐकली. अन् रस्त्याकडे पाहत बसलो, कोणी पैसेवाला येते का म्हणून.

नऊ वाजले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. इतवारीकडून ढोल ऐकू येऊन राहिले होते. आत साहेब पेपर वाचत होते, पान उलटल्याचा आवाज यायचा. माह्यापासून दहा पावलं. साडेनऊले प्रयागबाई उठून खिडकीपाशी आली.

"भाऊ, कोणीच येऊन नाही राहिलं."

"येईन वं! रुपराव रोज येतात बीपी पाहायले. बस जरा. घाई काय आहे?"

घाई काय आहे! हेच शब्द. माह्या तोंडात तवा किडे काहून नाही पडले बाप्पा!

साडेदहाले रुपराव आले. पेन्शनर माणूस, मारबत पाहून सावकाश आले. दोन रुपये टाकले. मी नोट कपाळाले लावली अन् म्हटलं, "जा वं आत."

आत टॉर्चचं बटण वाजलं. मंग साहेबायची खुर्ची पडली. "घटसर्प आहे हा!" असं ओरडतच ते पोरीले उचलून बाहेर आले. पोरीचे ओठ निळे पडले होते. "इतका उशीर का केला, बाई? दोन तास आधी आणली असती तर काही करता आलं असतं!"

दोन तास. मी तं अडीच बसवली होती.

प्रयागबाईनं साहेबायकडे पाहिलंच नाही. माह्याकडे पाहिलं.  साहेबायनं स्कूटरवर मायलेकीले मेडिकलमध्ये, मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेलं. मेडिकलच्या फाटकातच पोरगी गेली.

पुढचे तेरा दिवस मी रोज वाट पाहिली. आज येईन, उद्या येईन, साहेबायले सांगीन, माही नोकरी जाईन, पोलीस येतील. चौदाव्या दिवशी सकाळी आठले दार उघडलं तं ती पायरीवर उभी.  तिनं पदराची गाठ सोडली अन् खिडकीत चाराण्याचं नाणं ठेवलं.

"घ्या भाऊ. बोहनी."

"काय होते तुले? कोण बिमार आहे?"

"कोणी नाही." अन् ती कामाले निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. थंडी असो, उन्हाळा असो, दवाखाना उघडा असला का आठले चाराणे. ते नाणं मले गल्ल्यात टाकवत नव्हतं. बँडेजच्या एका रिकाम्या डब्यात टाकत गेलो.

अन् पहिल्या दिवसापासूनच ते सुरू झालं. ती नाणं ठेवून गेली, मी पाठ वळवून बाटल्या धुवायले लागलो, तं मागं बाकड्यावर शिट्टी वाजली. तीच, बारीक. वळून पाहिलं, बाकडं रिकामं. वाटलं अर्ध्या दाराची स्प्रिंग असंन, तेल टाकलं. वाटलं लाकडात भुंगा असंन, बाकडं जाळलं अन् नवं आणलं. नव्यावरही वाजली. पहिला रोगी येऊन बसला का बंद. घरी माही बायको सिंधू म्हणाली, कोणाले तरी दाखवा. लिंबू उतरवला, ताईत बांधला. काही फरक नाही. साहेब आत पेपर वाचत राहायचे. त्यायले काही ऐकू येत नाही, म्हणजे हे माह्यासाठीच आहे, असं मी समजून चाललो.

एकदा माहा तोल गेला. तिनं नाणं ठेवलं तसा मी ते उचलून रस्त्यावर फेकलं. "नको येत जाऊ वं! शिव्या दे मले, साहेबायले सांग, चौकात उभा करून चपलेनं मार! पण हे बंद कर!"

तिनं जाऊन नाणं उचललं, पदरानं पुसलं, पुन्हा खिडकीत ठेवलं.

"तुमच्यासाठी नाही येत मी, भाऊ. माह्या मागून कोणी येईन. तिच्यापाशी चाराणे नसतील. तिले बसा लागू नये." दोन पावलं गेली अन् थांबली. "अन् मीबी तवा बरं म्हटलं न. मीबी बोहनी मानली. आरडाओरडा केला असता तं साहेब बाहेर आले असते."  मले वाटलं, आता मी मरून जावं.

तीन वर्सं असे गेले. एकोणऐंशीच्या थंडीत एका सकाळी आठ वाजले अन् ती आली नाही. मी पायरीवर येऊन उभा राहिलो. ती आली नाही म्हणून सुटल्यासारखं वाटाले पाहिजे होतं, पण माहा जीव घाबरा झाला. साडेआठले सायकलरिक्षा आली. तिच्या शेजारच्या इंदूबाईनं तिले धरून उतरवलं. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. आत जायच्या आधी तिचा हात खिडकीकडे आला. मुठीत चाराणे.

"आधी हे घ्या," इंदूबाई म्हणाली. "हे दिल्याशिवाय आत जात नाही म्हणते."

साहेबायनं छाती तपासली. मी दारातच उभा होतो. कानातली नळी काढून ते चिडले. "दोन्ही फुप्फुसं भरलीत. कालपर्यंत काय करत होतात? इतका उशीर का केला, बाई?"

तेच शब्द. प्रयागबाईनं त्यायच्याकडे पाहिलं नाही. मान वळवून माह्याकडे पाहिलं.  माह्या पाठीमागं, रिकाम्या बाकड्यावर, शिट्टी वाजाले लागली.

"तिनं नाही केला, साहेब," मी म्हटलं.

"काय?"

"आजचं मले माहीत नाही. पण तवा नाही केला. पोरीले घेऊन ती आठ वाजताच आली होती. तुम्ही आत पेपर वाचत होते. मी बसवलं तिले, बाकड्यावर. अडीच तास. बोहनी व्हायची होती म्हणून."

साहेबायनं इंजेक्शन भरलं, दिलं, चिठ्ठी लिहिली अन् तिले त्याच रिक्षात मेडिकलले पाठवलं. जाताना प्रयागबाईनं डोळे मिटले होते. रिक्षा वळली, तसे साहेब परत आले अन् आत न जाता बाकड्याच्या एका टोकाले बसले. 

"चंपतराव, ही जी शिट्टी वाजते रोज सकाळी, ती तुम्हालाही ऐकू येते?"

 "हाव, साहेब."

"तीन वर्षं मी समजत होतो, माझ्या कानात दोष आहे. धंतोलीत जाऊन कान दाखवून आलो." त्यायनं बाकड्यावर हात ठेवला, एखाद्या लेकराच्या छातीवर ठेवावा तसा. "अडीच तास. आणि मी त्या बाईला म्हणालो, उशीर का केला."

त्यायनं मले काढलं नाही. हाकललं असतं तं सुटलो असतो. फक्त तो चाराण्याचा डबा मागून घेतला अन् आपल्या टेबलावर ठेवला. तो शेवटपर्यंत तिथंच होता.

प्रयागबाई महिनाभरानं बरी होऊन घरी आली. दवाखान्यात पुन्हा आली नाही.

तिले मेडिकलले पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आठले एक म्हातारा आला होता, खोकत खोकत. खिडकीपाशी थांबला. पैसे नाहीत म्हणाला, अन् मी काही बोलायच्या आत स्वतःच जाऊन बाकड्यावर बसला.

"बसता काहून? जा न गा आत!" मी ओरडलो.

"बसतो भाऊ. बोहनी नसंन झाली अजून तुमची."

"झाली," मी म्हटलं. "शहात्तर सालीच झाली. जा आत."