अळीच्या पाठीवर

औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं. सुनेने ते फडक्यात धरून जोर लावला तेव्हा कुठे सुटलं, आणि छपरीभर उग्र वास पसरला. तोंड वळवून तिने बादलीतल्या पाण्यात औषध ओतलं, काठीने ढवळलं, पंप भरला आणि पाठीवर घेतला.

नाशपातीच्या बागेत फवारणी बंद करायचा हट्ट तिचाच. सासऱ्यांनी तेव्हाच ऐकवलं होतं, "बाग कसली, अळ्यांची खानावळ काढतेयस. तीही फुकट." ती हसण्यावारी नेत राहिली. यंदा मात्र अळ्यांनी ताळतंत्रच सोडलं. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, कोवळी फळं कुरतडलेली दिसू लागली. लसणाचं पाणी झालं, साबणाचं झालं. अळ्यांनी ते अंघोळीसारखं अंगावर घेतलं. नवरा चकार शब्द बोलला नाही, पण हल्ली चहा प्यायला बसायचा तो बागेकडे पाठ करून. शेवटी तिने हात टेकले.

पहिल्याच ओळीत सासरे उभे होते. पेपर वाचायचं भिंग डोळ्याला लावून, नाक जवळजवळ फांदीला टेकवून. आता टोमणा येणार, म्हणून तिने आधीच सांगून टाकलं.

"बाबा, बाजूला व्हा. मारते आज. तुमचंच खरं झालं."

त्यांनी मागे न वळता हात वर केला.

"थांब. फांदीला धक्का लावू नकोस."

"काय झालं?"

"तो पंप तिकडे लांब ठेव आधी. मग ये."

तिने पंप उतरवून ठेवला. त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं.

देठाला एक हिरवी अळी चिकटून होती. ती हलत नव्हती. तिच्या पाठीवर तांदळाचे दाणे उभे करून रोवावेत तसे पांढरे कोष दाटीवाटीने बसले होते.

"अंडी आहेत?"

"मलाही तेच वाटलं होतं. बघत राहा."

ती बघत राहिली. एका कोषाच्या टोकाला बारीक झाकण उचललं गेलं. आतून काळा ठिपका वर आला, त्याला मिशा फुटल्या, पाय फुटले. पुढच्या पायांनी त्याने तोंड पुसलं, कोषाच्या काठावर बसून पंख उलगडले आणि तो उडाला. शेजारचं झाकण उघडलं. मग त्याच्या शेजारचं.

"अळीच्या पोटात वाढतात ह्या माश्या, बाबा," तिचा आवाज आपोआप खाली आला. "गांधीलमाशीचीच जात, पण इवलीशी. ऐकलं होतं मी. आपल्याकडे असतील असं नव्हतं वाटलं."

भिंग बाजूला करून तिने वर पाहिलं. एकदा नजर बसल्यावर फांदीफांदीवर पांढरे कोष दिसायला लागले. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगावी तसे पंख वर चढत होते आणि पुढच्या झाडांवर उतरत होते. शेंड्यावर एक चिमुकला पक्षी उलटा लटकला, एक जिवंत अळी उचलून गेला. दोन फांद्यांच्या मधल्या जाळ्यात कोळी कामाला लागला होता. त्या एका झाडावर केवढी धांदल चालली होती, आणि ती कुणालाही विचारून चालली नव्हती. सुनेच्या अंगावर काटा आला. हाताला औषधाचा वास येत होता. तिने हात मागे घेतले.

"जन्म गेला माझा या झाडांखाली," सासरे म्हणाले. "एकदाही दिसल्या नाहीत."

का दिसल्या नाहीत, ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी भिंग परत मागितलं आणि गुडघा धरत, हळूच, झाडाखालच्या मातीत बैठक मारली.

फाटकातून नवऱ्याची हाक आली, "झालं का मारून?"

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ओरडू नकोस रे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हळू पाय टाकत ये. इथं बाळंतपण चाललंय."