कीर्तनाचा तांदूळ

ठाकुराच्या, म्हणजे देवाच्या, नावाने काढलेल्या तांदळाला हात लावू नये, एवढं एकच बिशाखा मंडलच्या सासूने जाताना सांगितलं होतं. आणि गेली तीन वर्षं बिशाखा नेमका त्यालाच हात लावत आली होती.

बिलाच्या, त्या मोठ्या पाणथळीच्या, काठच्या गावात बायका भाताला तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ बाजूला काढत. शनिवारी ते तांदूळ बिशाखाच्या रांजणात यायचे. वर्षभर मूठमूठ साठायची आणि फाल्गुनात तीन दिवस अखंड नामसंकीर्तन व्हायचं. मृदंग घुमायचा, कीर्तनकार अधीर गोसाईं कानावर हात ठेवून पद उचलायचे आणि येईल त्याच्या पानावर गरम खिचडी पडायची.

मग गावात कर्ज देणारी संस्था आली. अठ्ठावीस बायकांचं केंद्र झालं, बिशाखा त्याची प्रमुख. दर बुधवारी चटयांवर रांगेत बसायचं, हप्ता भरायचा. नियम एकच, पण जहरी: एकीचा हप्ता राहिला तर अठ्ठावीसजणी उठायच्या नाहीत. पोरं रडायची, चुली थंड पडायच्या. मग कुणीतरी म्हणायचंच, "दीदी, रांजणातलं काढ ना! पुढच्या आठवड्यात भरू."

पुढचा आठवडा काही यायचा नाही. तांदूळ दुकानात विकला की बिशाखा रांजणामागच्या भिंतीवर काजळीची एक रेघ ओढायची. एकसष्ट रेघा झाल्या होत्या. तीन फाल्गुन मुके गेले.

यंदा गोसाईंचा निरोप आला होता. "आवाज आहे अजून. पुढच्या सालचं ठाकुर जाणे." ते ऐकून बिशाखाने रांजणावर पाटा ठेवला. दोन महिने कुणालाही दाद दिली नाही. पोटाला चिमटा घेऊन बायकांनी हप्ते भरले आणि रांजण गळ्यापर्यंत आला.

त्याच सुमारास ढाक्याहून मोस्ताक साहेब यायचे ठरले. संस्था पुढची वीस वर्षं टिकेल की नाही, हे ते तपासणार होते. वसुली करणारा रेजाउल आदल्या दिवशीच घाम पुसत आला.

"मावशी, उद्या एकही हप्ता चुकता कामा नये. विचारलं तर सांगायचं, कधीच चुकला नाही."

"आणि चुकला तर?"

"रांजण आहे की तुमचा."

"तो तुमच्या बापाचा आहे का?"

रेजाउल ओशाळून हसला. मुलगा वाईट नव्हता. त्याचा पगारही त्याच हप्त्यांवर लोंबकळत होता.

बुधवारी केंद्रातल्या निभाच्या हप्त्यात नऊशे टाका, म्हणजे तिथले नऊशे रुपये, कमी पडले. तिची बदकं रोगाने गेली होती. ती मान खाली घालून बसली. साहेब कागद उलटत होते, रेजाउल डोळ्यांनी बिशाखाला रांजण दाखवत होता. तासभर कुणी हललं नाही.

"दीदी," मागून एक कुजबुजली, "माझं पोर तापलंय गं."

बिशाखाच्या मस्तकात तिडीक गेली. "साहेब, इकडे या! तुमचे सगळे हप्ते कुठून येतात ते बघा."

तिने त्यांना रांजणामागची भिंत दाखवली. मूठ, कीर्तन, दुकान, तीन मुके फाल्गुन, सगळं एका दमात सांगितलं. "ही संस्था तुमच्या हिशेबावर उभी नाही हो. देवाच्या खिचडीवर उभी आहे. ती संपली की काय खाणार?"

साहेबांनी चष्मा काढला, रेघा मोजल्या. त्यांचा चेहरा उजळला, तशी बिशाखाला वाटलं, ठाकुर पावला.

"अप्रतिम!" साहेब म्हणाले. "बायकांनी आपणहून उभारलेला राखीव निधी! रेजाउल, ही माहिती आम्हाला आधी का दिली नाही?"

"निधी नाही साहेब, नैवेद्य आहे तो."

"तेच ते!" म्हणत त्यांनी कागदावर मोठ्या खुशीत काहीतरी लिहिलं. घड्याळ बघितलं. रेजाउलने गुपचूप स्वतःच्या खिशातून नऊशे टाका पेटीत टाकले आणि सभा उठली. बिशाखा मात्र भिंतीपाशीच उभी राहिली. खोटं बोलून फसणारे तिने पाहिले होते. खरं बोलून फसण्याची ही पहिलीच खेप.

तीन आठवड्यांनी रेजाउल सायकलवरून ओरडतच आला. "मावशी, पहिला नंबर! संस्था मजबूत ठरली. प्रत्येकीला दहा हजार वाढवून कर्ज मिळणार."

"मागितलं कुणी?"

"आणि येत्या बुधवारपासून तुमच्या तांदळाचं वजन करून वहीत चढवायचं. तारण म्हणून."

 तो गेल्यावर बिशाखाने निभाला हाक मारली. "होडी काढ. गोसाईंना घेऊन ये. फाल्गुनातल्या पौर्णिमेची वाट बघायची नाही."

बुधवारी रेजाउल तराजू घेऊन आला, तर मृदंग अर्ध्या वाटेपासून ऐकू येत होता. अंगणात रांजण धुऊन पालथा घातलेला. चटया त्याच, बायका त्याच, पण पानं मांडलेली. गोसाईं डोळे मिटून गात होते. आवाज मधे फाटत होता, तरी म्हाताऱ्या बायका रडत होत्या.

"मावशी, तांदूळ?" तो कसाबसा म्हणाला.

बिशाखाने पळीने चुलीवरची कढई दाखवली. "त्यात."

"आता वहीत काय लिहू मी?"

"निभाचा हप्ता आजही आला नाही, हे लिहा. पहिल्यांदाच खरं लिहायचंय. आधी खाऊन घ्या."

"माझी नोकरी जाईल, मावशी."

 पुढच्या बुधवारी वसुलीला कुणी ना कुणी येणारच होतं, हा नाहीतर दुसरा. बिशाखाने त्याच्यासमोर पान ठेवलं आणि दोन पळ्या खिचडी वाढली. रेजाउलने तराजू भिंतीशी टेकवला, काजळीच्या रेघांखाली, आणि रांगेत शेवटी बसला.

गोसाईंनी पुढचं पद उचललं.