बी शे का फोलपट

"मावशी, हा नवा धंदा कधी सुरू केलास?" फोनवर दत्तू हसत होता.

वत्सलाबाईंनी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता. त्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही. "कसला धंदा रे?"

"बियाणं विकायचा. आज देवळ्याच्या बाजारात जीप फिरत होती, कांद्याच्या बियाण्याची. भोंग्यावर तू! चहा पीत होतो, कप हातातच राहिला. म्हटलं, आई गेली आणि मावशी जीपमध्ये बसली."

"वेड लागलं का तुला? मी इथं इंदिरानगरात मेथी निवडत बसलेय."

"मग तुझं भूत असेल. पण हसणं तुझंच. आणि वाक्यसुद्धा आपल्या घरातलं. 'तुन्हा डोकामा बी शे का नुसतं फोलपट?' हे तुझ्या नि आईच्या तोंडाखेरीज मी कुठं ऐकलं नाही बघ."

वत्सलाबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

ते वाक्य त्यांच्या वडिलांचं. खळ्यात कांद्याचं बी पाखडताना दोघी लेकींपैकी कुणी काही वेडगळ विचारलं, की सूप न थांबवता ते म्हणायचे, डोक्यात बी आहे का नुसतं फोलपट? वडील गेल्यावर ते वाक्य दोघी बहिणींच्या वाटणीला आलं. लंका देवळ्यात, वत्सला नाशकात. रोज दुपारी फोनवर एकदा तरी ते एकमेकींच्या अंगावर फेकायच्या आणि हसायच्या. चैत्रात लंका गेली. तेव्हापासून वत्सलाबाईंनी ते उच्चारलंही नव्हतं. उच्चारणार कुणाजवळ? दत्तू लंकाचा मुलगा खरा, पण त्याची पिढी मावशीशी शहरातलंच बोलायची.

मग भोंग्यावर कोण बोललं?

त्यांनी मान वर केली. समोर अडगळीच्या खोलीचं दार. आतून बंद. आत सून.

शुभांगी एका कंपनीत फोनवर बसायची. राजूशी लग्न झालं त्याच्याही आधीपासून. "नमस्कार, आपलं स्वागत आहे, कोणाशी बोलायचंय?" म्हणत तिचं आयुष्य गेलं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर कंपनीनं मशीन बसवलं. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. शुभांगीला मिठाईचा डबा दिला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महिनाभर ती खिडकीत बसून राहिली. मग एक दिवस उठली, अडगळीची खोली रिकामी केली, तोंडाशी धरायचं काळं बोंडुक, माईक म्हणे, आणलं आणि दार लावून घेतलं.

"काय करतेस गं आत?" वत्सलाबाईंनी विचारलं होतं.

"आवाजाचं काम, आई. जाहिरातींना आवाज द्यायचा. मोबाईलवर बघून शिकतेय."

"शिकवतं कोण?"

"कुणी नाही. माझी मीच."

स्वतःच गुरू आणि स्वतःच चेला, हे काही वत्सलाबाईंना पटलं नाही. शिवाय आतून जे ऐकू यायचं ते शहाण्या बाईचं नव्हतं. कधी म्हैस हाकल्यासारखं 'ब्र्र्र्र', कधी एकटीचंच खिदळणं, कधी हुंदके. हुंदके ऐकून एकदा त्या धावत गेल्या तर ही दार उघडून म्हणते, "काही नाही आई, विम्याची जाहिरात आहे." वत्सलाबाईंनी त्या संध्याकाळी गुपचूप मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. होळीनंतर त्यांच्या गोधड्या कपाटातून नाहीशा झाल्या. विचारलं तर, "वापरतेय मी, जपून ठेवल्यात." ऐन उन्हाळ्यात गोधड्या कुणाला लागतात?

फुलं द्यायला मखमलाबादची मालनबाई यायची. घरच्या मळ्यातली शेवंती, झेंडू. तिची नजर फुलांपेक्षा घरात जास्त.

"आजी, सूनबाई घरीच असती नव्हं? मग दिसत कशी नाय?"

"काम करते."

"दार लावून? असं कंचं काम म्हणायचं ते?"

"आवाजाचं."

मालनबाईनं टोपली खाली ठेवली. आवाज बारीक केला. "आजी, सावध ऱ्हावा. लय वंगाळ दिवस आलेत. आता आवाज बी चोरत्यात म्हणं. आमच्या गल्लीत एकाच्या आईला फोन आला, लेकाच्याच आवाजात. मला पोलिसांनी धरलंय, म्हणला. लेक तर बाजूच्या खोलीत घोरत व्हता! तुमी आपलं फोनवर कुणाशी जास्ती बोलू नगा."

हे ऐकलं होतं तेव्हा वत्सलाबाई हसल्या होत्या. दत्तूच्या फोननंतर त्यांना हसू येईना.

त्यांनी एकेक धागा जुळवून पाहिला. लंकाशी त्या बोलायच्या कुठे? देवघराशेजारच्या आपल्या खोलीत. त्या खोलीला लागून काय? अडगळीची खोली. बोलायच्या कधी? दुपारी, घरात शुभांगी सोडून कुणी नसताना. म्हणजे त्या मनमोकळ्या बोलत होत्या तेव्हा भिंतीपलीकडे कुणी तरी कान लावून बसलं होतं. काय काय बोललो आपण? शुभांगीच्या आमटीत मीठ नसतं, हे बोललो. राजू बायकोच्या ओंजळीनं पाणी पितो, हेही बोललो. त्यांचे कान तापले.

पण आमटीपेक्षा खोल काही तरी दुखत होतं.

लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा चाळीत सार्वजनिक नळ होता. पहिल्याच सकाळी कळशी घेऊन रांगेत माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "माले पानी भरनं शे." सगळ्या बायका हसल्या. पुढे कित्येक दिवस त्यांना पाहिलं की कुणी तरी म्हणायचं, "आली बघा, माले-तुले आली." नवरा सरकारी छापखान्यात नोकरीला, माणूस वाईट नव्हता, पण तोही म्हणाला, "जरा सुधार. चारचौघांत लाज वाटते." वत्सलाबाई सुधारल्या. इतक्या सुधारल्या, की राजूला आईची बोली ठाऊकसुद्धा नव्हती. ती त्यांनी लंकापुरती ठेवली, दागिना ठेवावा तशी. आणि आता तीच भर बाजारात भोंग्यावर. पुन्हा तोच नळ, तेच हसणं.

त्यांनी ठरवलं, या घरात आता तोंड उघडायचं नाही. शब्दच नाही, तर चोरतील काय?

"आई, चहा?" मान हलली.

"आई, घसा धरलाय का?" मान आडवी हलली.

"राजू, आईंना डॉक्टरकडे न्यायचं का?"

"रुसली असेल. तू काही बोललीस का?" राजू बूट घालत म्हणाला.

"मी काय बोलणार? त्याच बोलत नाहीत."

हो, अडचण झाली ना, वत्सलाबाई मनात म्हणाल्या. दुकानातला माल संपला.

दोन-तीन दिवस असे गेले. मग राग जेवणावर आला. त्या सकाळी शुभांगीनं ताट वाढून ठेवलं, त्यांनी त्यावर दुसरं ताट झाकलं आणि खोलीत जाऊन पडल्या. राजू कामावर गेला. भांडी झाली. अडगळीच्या खोलीची कडी वाजली.

आणि मग भिंतीतून लंका आणि वत्सला बोलायच्या तशी भाषा यायला लागली.

"का वं, माले समजस नै का?" मग थांबणं. पुन्हा, "का वं, माले..." पुन्हा थांबणं. "नाही, नाही," शुभांगीचा स्वतःचा आवाज. पुन्हा पहिल्यापासून.

वत्सलाबाई उठून बसल्या. त्यांचाच आवाज. वाक्याच्या शेवटी तो वर जातो तसाच जात होता. मी इथं पलंगावर आहे, मग आत बसलीय ती कोण? क्षणभर त्यांना खरंच भीती वाटली. मग भीतीचा संताप झाला. त्या चालत गेल्या आणि तळहातानं दार बडवलं.

"उघड!"

दार उघडलं. शुभांगीच्या कानांवर मोठाले गोल होते, ते तिनं मानेत ओढले. "आई, तुम्ही बोललात!"

वत्सलाबाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. चारही बाजूंना भिंती दिसत नव्हत्या. गोधड्या लटकत होत्या. आईच्या हिरव्या लुगड्याची, लंकाच्या परकराची, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या नऊवारीची. एका उन्हाळ्यात माहेरी बसून दोघींनी मिळून शिवलेल्या.

"खिळे ठोकलेस? माझ्या आईच्या लुगड्याला खिळे?"

"खिळे नाहीत आई. दोरी बांधलीय. चिमटे आहेत, बघा ना."

त्यांनी खरंच पाहिलं. जवळ जाऊन, बोट फिरवून. चिमटे होते. चिमट्याखाली गोधडी चुरगळू नये म्हणून फडक्याची घडीही होती. त्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी अवघडला.

"कशाला लावल्यास?"

"नुसत्या भिंतीवरून आवाज परत येतो. गोधडी तो पिऊन टाकते. बाजारातलं महागडं काही घेणं शक्य नव्हतं."

"आणि माझं बोलणं? तेही असंच वापरायला घेतलंस? देवळ्याच्या बाजारात मला भोंग्यावर चढवलंस, दत्तूनं सांगितलं मला. हसायला घेतलंस ना?"

शुभांगीनं स्टूल सासूपुढे सरकवलं आणि आपण खाली बसली.

"सुरुवातीला मी आत सराव करायचे. आपलं हार्दिक स्वागत आहे, आपलं हार्दिक स्वागत आहे. नमुने पाठवायचे, सगळीकडून एकच उत्तर. आवाज गोड आहे, पण मशीनसारखा वाटतो. एवढी वर्षं कंपनीत तसंच बोलायला लावलं, मग खरंच मशीन आणलं. मी काय करायला हवं होतं?" ती गोधडीकडे बघत होती. "एका दुपारी पलीकडून तुमचं हसणं आलं. आई, या घरात तुम्ही तशा कधी हसला नाहीत. मला वाटलं, माणूस बोलतं ते हे असं. मग मी रोज ऐकायला लागले. नंतर मोबाईल भिंतीला लावून टेप केलं."

"विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही शुद्ध बोलला असतात."

ते खरं होतं, म्हणूनच वत्सलाबाई अधिक कडक झाल्या. "कुणाकुणाला ऐकवलंस?"

"कुणालाच नाही. मी ऐकून फक्त शिकले. जीपवर मी बोललेय."

"राजूला?"

"नाही."

"खोटं."

"देवाशप्पथ, आई."

आमटीचं ऐकलं असेलच हिनं. तरी कधी बोलली नाही. की ठेवून दिलंय पुढे कधी काढायला? वत्सलाबाईंनी सुनेच्या चेहऱ्यात बराच वेळ शोधलं. काही सापडलं नाही, तरी शोधणं थांबलं नाही.

"पुसून टाक सगळं."

शुभांगीनं मान हलवली. मोबाईल हातात घेतला. "बियाणंवाल्यांना पुढच्या जाहिरातीलाही हाच आवाज हवाय. उद्या द्यायचंय. मला जमत नाहीये. लंकामावशी गेल्यापासून तुम्ही फोनवर बोललाच नाहीत, आणि आता तर घरातही नाही. हे ऐकून ऐकून कसंबसं धरून ठेवलं होतं."

"म्हणजे पुसलं तर काम जाईल?"

"जाईल बहुतेक."

"मग पुसणार नाहीस तू."

"पुसते ना. तुमचं आहे ते." शुभांगीनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच पुसा. मी पुसलं म्हटलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. हे सगळं एकत्र आहे. इथं, हे लाल दाबायचं."

वत्सलाबाईंनी चष्मा वर सरकवला. पडद्यावर एक लाल चौकोन होता, शेजारी एक हिरवा. ही लाल दाखवते आहे. इतक्या सहज दाखवते आहे. घरातली लक्ष्मी कुणी इतक्या सहज दुसऱ्याच्या हाती देतं का? म्हणजे लाल दाबलं की काही पुसलं जात नसणार. खरं पुसायचं बटण ही लपवते आहे.

त्यांनी हिरवं दाबलं.

"आई, ते नाही..."

आधी खरखर आली. मग कोंबडा आरवला, भर दुपारी. लंकाचा तो खुळा कोंबडा, त्याला सकाळ-दुपार कधी कळली नाही. कुठे तरी बादली आपटली. आणि मग अगदी जवळून, त्या अडगळीच्या खोलीत, आईच्या हिरव्या लुगड्यासमोर, लंका म्हणाली,

"वच्छी, जेवनी का वं?"

वच्छी. वत्सलाबाईंना आई म्हणणारे होते, आजी म्हणणारे होते, मावशी म्हणणारा होता. वच्छी म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

लंकाची सवयच तशी. प्रश्न विचारला की उत्तराला जागा सोडायची, फोनवर सुपारी कातरत बसायची. टेपमध्येही तेवढी जागा होती. अडकित्त्याची कटकट ऐकू येत होती. शुभांगीनं मोबाईल बंद करायला हात पुढे केला होता, तो तिनं मागे घेतला.

वत्सलाबाई त्या काळ्या बोंडुकाकडे वाकल्या. टेपमधल्या वत्सलेनं तोंड उघडण्याआधी त्यांना बोलायचं होतं.

"जेवनी वं," त्या म्हणाल्या. "तू?"

गोधड्यांमुळे आवाज घुमला नाही. बाहेर ओट्यावर त्यांचं सकाळचं ताट झाकलेलंच होतं.